‘द कलेक्टर’ : संग्राहकाची दृष्टी आणि बंदिनीचा आवाज

प्रस्तावना
जॉन फाउल्स यांच्या १९६३ च्या कादंबरीवर विल्यम वायलर यांनी १९६५ मध्ये ‘द कलेक्टर’ हा चित्रपट काढला. फुटबॉल पूलमध्ये मोठी रक्कम मिळालेला फ्रेडी क्लेग हा फुलपाखरे जमविणारा तरुण मिरांडा ग्रे या कलेच्या विद्यार्थिनीला क्लोरोफॉर्म देऊन पळवितो व एका आडवाटेच्या घराच्या तळघरात कोंडतो. माध्यमांतरात बंदिनीच्या आवाजाचे काय झाले, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

विवेचन
कादंबरीत दोन निवेदने आहेत : क्लेगचे कथन आणि मिरांडाची रोजनिशी. चित्रपटाने रोजनिशी वगळली; निवेदकाचा आवाज फ्रेडीकडेच राहिला. त्यामुळे मिरांडा संग्राहकाच्या दृष्टीतूनच दिसते आणि चित्रपटही तिला टाचणीने टोचलेले फुलपाखरू करून ठेवतो, असा आक्षेप घेता येईल. तो अंशतः ग्राह्य आहे. टेरेन्स स्टॅम्प यांच्या संकोची, आर्जवी अभिनयामुळे प्रेक्षक क्षणभर अपहरणकर्त्याची कीव करू लागतो.

तथापि स्नानगृहाचा प्रसंग या आक्षेपास उत्तर देतो. शेजारी अकस्मात आल्याने फ्रेडी मिरांडाला बांधून, तोंड बंद करून खाली जातो. ती पायाने नळ सोडते. टबाबाहेर वाहणारे पाणी तिच्या वतीने बोलू लागते. येथे प्रेक्षक निःसंशय तिच्या बाजूस असतो. वायलर यांनी रोजनिशीची जागा कृतीला दिली आहे. सॅलिंजरची कादंबरी व पिकासोची चित्रे यांवरील वादातही मिरांडाला आपले मत राखता येते. फ्रेडीला मात्र न कळलेली प्रत्येक गोष्ट अपमान वाटते. वर्गीय न्यूनगंडाचे हे चित्रण सूक्ष्म आहे; परंतु न्यूनगंड हे कारण असले, तरी ते समर्थन ठरत नाही.

शेवट याची साक्ष देतो. मिरांडाच्या मृत्यूनंतर फ्रेडीला पश्चात्ताप होत नाही. आपली निवड चुकली, एवढेच त्यास वाटते व तो एका परिचारिकेचा माग काढू लागतो. संग्राहकाच्या लेखी व्यक्ती नसते, फक्त नमुना असतो.

निष्कर्ष
स्टॅम्प व सामंथा एगर या दोघांनाही १९६५ च्या कान महोत्सवात अभिनयाचे पारितोषिक मिळाले. हा समतोल महत्त्वाचा आहे. रोजनिशी गमावल्याने मिरांडाचे अंतरंग उणावले, हे मान्य करावे लागेल. पण एगर यांच्या अभिनयाने तिला नमुना होऊ दिले नाही. एकतर्फी आसक्तीला प्रेम म्हणण्याची सवय चित्रपटांनी अनेकदा जोपासली आहे. त्या पार्श्वभूमीवर हा चित्रपट अभ्यासकाने पुन्हा पाहावा, तो मिरांडाच्या बाजूने.