तात्पर्य कोणाचे? : दृष्टान्तपाठ, इसापनीती आणि बोधकथेचा वाङ्मयप्रकार

प्रास्ताविक

बोधकथा हा वाङ्मयप्रकार मराठीच्या अध्यापनात बहुधा बालसाहित्याच्या सदरात टाकला जातो. छोटे कथानक, बोलणारे प्राणी आणि शेवटी एका ओळीचे तात्पर्य अशी त्याची सर्वसाधारण ओळख आहे. ही ओळख कितपत ग्राह्य आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. कथेला जोडलेले तात्पर्य हा या प्रकाराचा घटक आहे की त्यावरील भाष्य, हा येथील मुख्य प्रश्न आहे.

प्रयोजन : बालबोध की व्यवहार?

पंचतंत्राची चौकट राजपुत्रांच्या शिक्षणाची आहे. तेथील शिकवण राजनीतीची आहे, सदाचाराची नव्हे. पहिल्या तंत्रात दमनक कपटाने पिंगलक सिंह आणि संजीवक बैल यांच्यात वितुष्ट आणतो. बैल मारला जातो आणि दमनकाला शिक्षा होत नाही. सहाव्या शतकात या ग्रंथाचे पहलवी व आठव्या शतकात इब्न अल्-मुकफ्फाने अरबी रूपांतर केले. अरबी 'कलीला व दिम्ना'मध्ये दिम्नाच्या चौकशीचे व शिक्षेचे स्वतंत्र प्रकरण आढळते. अभ्यासक ते इब्न अल्-मुकफ्फाने घातलेले मानतात. मूळ कथेचा शेवट नव्या वाचकसमाजाला नैतिकदृष्ट्या अपुरा वाटला असावा, असे यावरून दिसते. कथा प्रवास करते, तिचा निवाडा मात्र प्रत्येक समाज आपल्यापुरता नव्याने करतो.

ग्रीक परंपराही याहून निराळे सांगत नाही. ॲरिस्टॉटलने आपल्या वक्तृत्वशास्त्रात प्राणिकथेचा विचार युक्तिवादाचे साधन म्हणून केला आहे. न्यायसभेत वा लोकसभेत ज्या प्रसंगी कथा सांगितली, त्या प्रसंगाने तिचा अर्थ ठरत असे. इसापच्या कथांना आज जोडलेली तात्पर्ये पुष्कळदा उत्तरकालीन संकलकांची आहेत.

दृष्टान्तपाठाची त्रिस्तरीय रचना

या संदर्भात मराठीतील सर्वांत मोलाचा पुरावा तेराव्या शतकातील आहे. केशिराजबास यांनी सिद्ध केलेल्या 'दृष्टान्तपाठा'त ११४ दृष्टान्त असून प्रत्येकाची मांडणी सूत्र, दृष्टान्त व दार्ष्टान्तिक अशी तीन अंगांची आहे. सूत्र व दृष्टान्त श्रीचक्रधरांचे, तर दोहोंचा मेळ घालणारे दार्ष्टान्तिक केशिराजांचे. कथन करणारा एक आणि अर्थ लावणारा दुसरा, हा भेद ग्रंथाच्या रचनेतच उघड ठेवलेला आहे. अन्य बोधकथासंग्रहांत जे तात्पर्य कथेचाच आवाज असल्यासारखे येते, ते येथे भाष्य म्हणून स्वतंत्र नावाने उभे राहते.

हत्ती आणि आंधळे यांचा दृष्टान्त या दृष्टीने उद्बोधक आहे. हीच कथा बौद्धांच्या 'उदान'मध्ये वाद घालणाऱ्या पंथीयांना उद्देशून येते. रूमीच्या 'मसनवी'त आंधळ्यांऐवजी अंधारी खोली आहे. दृष्टान्तपाठात ती महानुभाव तत्त्वज्ञानाच्या सेवेस लागते. कथानकाचा गाभा बव्हंशी तोच राहतो, वळण देते ते दार्ष्टान्तिक.

याउलट 'लीळाचरित्रा'तील कावळा आणि साळई यांची कथा पाहावी. कावळ्याचे घर शेणाचे, साळईचे मेणाचे. पाऊस येतो, कावळ्याचे घर वाहून जाते आणि तो साळईच्या दाराशी येतो. हीच कथा चिऊ-काऊच्या रूपाने मराठी घरांतून आजही सांगितली जाते. दार न उघडणारी चिमणी सावध म्हणावी की निष्ठुर? काही पाठांत कावळ्याला चटके बसतात, काहींत त्याला आसरा मिळतो. एकाच तात्पर्यात न मावल्यामुळेच ही कथा इतकी शतके टिकली असावी.

मुद्रणयुग आणि तात्पर्याचे वर्चस्व

तंजावरच्या सरफोजीराजांच्या आश्रयाने १८०६ मध्ये इसापच्या कथांचे 'बालबोधमुक्तावली' हे मराठी भाषांतर छापले गेले. १८२८ मध्ये सदाशिव काशीनाथ छत्रे यांची 'इसापनीतिकथा' आली. मराठी गद्याच्या घडणीत या पुस्तकांचे कार्य मोठे आहे, हे नाकारता येत नाही. मात्र कथा शाळेत आल्यावर तिचा श्रोता विद्यार्थी झाला, प्रसंग परीक्षेचा झाला आणि तात्पर्य हे एकमेव बरोबर उत्तर ठरले. बोधकथा बालसाहित्यात जमा होण्याचे एक कारण या स्थित्यंतरात आहे.

खानदेशी संदर्भ

अक्षरओळख नसलेल्या बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) यांची सुगरणीच्या खोप्यावरील कविता या चौकटीबाहेरची आहे. पक्षीण येथे बोलत नाही, ती केवळ विणते. इवल्या चोचीचे काम दाखवून कवयित्री दोन हात आणि दहा बोटे लाभलेल्या माणसाला सरळ हाक मारते. दार्ष्टान्तिक येथे आहे, पण ते निष्कर्षाच्या रूपात येत नाही. ते प्रश्नासारखे श्रोत्यावर सोपवलेले आहे. शाळेच्या प्रभावाबाहेर बोधपर रचनेची जुनी रीत जिवंत होती, याची ही साक्ष होय.

समारोप

सारांश, तात्पर्य हा बोधकथेचा अविभाज्य घटक नसून तिच्या एका वाचनाची नोंद आहे. हे मान्य केल्यास अध्यापनाची दिशा बदलावी लागेल. दृष्टान्तपाठ प्राचीन गद्याचा नमुना म्हणून शिकवून भागणार नाही. दार्ष्टान्तिक झाकून दृष्टान्त वर्गापुढे ठेवावा, विद्यार्थ्यांना अर्थ लावू द्यावा आणि मग केशिराजांचा अर्थ त्याशेजारी मांडावा. अहिराणी व लेवा गणबोलीतील लोककथांचे संकलन करतानाही संकलकाने आपले तात्पर्य कथेत मिसळू नये. ते वेगळ्या नावाने, वेगळ्या ओळीत लिहावे. सातशे वर्षांपूर्वी केशिराजांनी पाळलेली ही शिस्त आजच्या संशोधकालाही पाळता येण्याजोगी आहे.