असुराचे मरण आणि खेळणाऱ्याचा हात

‘खेळ हा शेवटी खेळच असतो’ हे वाक्य आपल्याकडे फार लवकर उच्चारले जाते. ‘कथा ही शेवटी कथाच असते’ हेही एके काळी आपल्याला असेच ऐकवले गेले होते. महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’त अवतारकथांची उलटतपासणी घेतली आणि पाताळात गाडलेल्या बळीला रयतेचा राजा म्हणून पुन्हा उभे केले, तेव्हापासून कथा नुसती कथा नसते हे येथील शूद्रातिशूद्रांना ठाऊक आहे. १९८७ साली महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांच्या ‘रिडल्स’चा खंड प्रसिद्ध केला आणि राम-कृष्णांवरील परिशिष्टावरून जे रणकंदन माजले, तेही कथेवरूनच. मग तीच कथा पुस्तकातून उठून पोराच्या हातातील यंत्रात शिरली की एकाएकी निरुपद्रवी कशी होते?

प्रस्तुत लेख एका व्हिडिओ गेमविषयी आहे. या पानांवर कविता, आत्मकथने आणि नाटके यांची चर्चा वाचण्याची सवय असलेल्या वाचकाला हे खटकेल. कार्यकर्त्यांना तर अधिकच. शिबिरात मोबाइलचा विषय निघाला की आपले ज्येष्ठ कार्यकर्ते ‘पोरे वाया गेली’ एवढे बोलून पुढच्या ठरावाकडे वळतात. परंतु मी ज्या महाविद्यालयात शिकवतो तेथील पोरे दिवसातून जितका वेळ कवितेला देतात (देत असतील तर), त्याच्या कितीतरी पट वेळ खेळाला देतात. ज्या ठिकाणी बहुजनांची पोरे आपली कल्पनाशक्ती खर्च करतात, ती जागा समीक्षेच्या बाहेर ठेवणे परवडणारे नाही.

खेळांविषयी आपल्याकडे वाद होत नाहीत असे नाही. एस. टी. स्टँडवर, वसतिगृहात, चहाच्या टपरीवर ते रोज होतात. पण त्यांची गाडी दोनच रुळांवरून धावते. एक, खेळाने पोरे हिंसक होतात काय? दोन, पैसा बुडतो काय? शासनाचे लक्षही यापलीकडे जात नाही. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने पबजीसह ११८ ॲप्सवर बंदी घातली, ती देशाच्या सुरक्षिततेच्या नावाने. २०२५ च्या ऑगस्टमध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांविरुद्ध कायदा झाला, तो पैशापुरता. त्याच्या आदल्याच महिन्यात आपल्या विधान परिषदेच्या सभागृहात कृषिमंत्री मोबाइलवर पत्ते खेळत असल्याचे चित्रण गावोगाव फिरले. आपण खेळत नव्हतो असे त्यांनी सांगितले, पुढे त्यांचे खाते बदलले. आठवडाभर टपऱ्यांवर दुसरा विषय नव्हता. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या प्रदेशात हा संताप रास्त होता. पण खेळाच्या आत काय सांगितले जाते, हा प्रश्न त्याही वेळी कोणाला पडला नाही.

हिंसेचा प्रश्न मला दुय्यम वाटतो. अल्पवयीनांना हिंसक खेळ विकण्यास मनाई करणारा कॅलिफोर्नियाचा कायदा २०११ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवला. पोरांना सांगितल्या जाणाऱ्या जुन्या परीकथाही रक्ताने माखलेल्याच असतात, हा मुद्दा त्या निकालात आहे. तो खराच आहे. आपली पुराणेही काही कमी रक्तबंबाळ नाहीत. प्रश्न एवढाच की रक्त कोणाचे सांडते, आणि सांडणाऱ्याला कोणत्या नावाने पुण्य मिळते?

‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ हा खेळ पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने तयार केला आणि तो २०२० साली बाजारात आला. परदेशातही ज्यांची दखल घेतली गेली अशा मोजक्या भारतीय खेळांपैकी हा एक. त्याची स्तुती करण्यासारखे पुष्कळ आहे आणि ती मी हातचे राखून करणार नाही. राजस्थानी किल्ल्यांच्या धर्तीवर उभारलेले महाल, पहाडी चित्रशैलीचे रंग, कळसूत्री छायाबाहुल्यांसारखे सांगितलेले कथाभाग, यांत मेहनत आहे, दृष्टी आहे. नायिका मुलगी आहे. ती कोणाची राजकन्या नाही. गावोगाव कसरती करून पोट भरणाऱ्या फिरस्त्यांची ती पोर. असुर येतात, लेकरे पळवतात, तिच्या धाकट्या भावाला, गोलूला, उचलून नेतात. दुर्गा तिला त्रिशूळ देते आणि महाबलासुराचा शोध घेत ती निघते.

कसरती करणारी फिरस्ती पोर नायिका आहे हे वाचून मला हर्ष झाला होता. आपल्याकडे डोंबारी, कोल्हाटी म्हणतात ती ही माणसे. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी अशा कित्येक जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. तो डाग कायद्याच्या पुस्तकातून निघायला १९५२ साल उजाडावे लागले आणि पोलीस ठाण्यातून तो अजून निघालेला नाही. किशोर शांताबाई काळे यांचे ‘कोल्हाट्याचं पोर’ १९९४ साली आले तेव्हा मराठी मध्यमवर्ग हादरला, कारण त्या पोराच्या वाटेतले अडथळे त्याला प्रथमच दिसले. राजीच्या वाटेत मात्र असले काहीच नाही. ती भिंतीवर धावते, खांबावर चढते, देवळांतून आणि राजवाड्यांतून मुक्त संचार करते. तिला अडवतात ते फक्त असुर. तू कोणाची, पालाबाहेर काय करतेस, देवळाच्या पायरीवर पाय का ठेवलास, असे विचारणारा एकही माणूस या सबंध प्राचीन भारतात नाही! लेखकांनी तिच्या अंगातील कला घेतली आणि ती कला जिच्या पोटासाठी जन्मली ती जात बाहेर ठेवली. तिला थांबवणारा राक्षस त्यांना सुचतो. गावाच्या वेशीवरचा पाटील सुचत नाही.

आता असुरांकडे वळू. या खेळात जागोजाग भिंतीचित्रे आहेत. राजी त्यांच्यापुढे उभी राहते आणि देवांच्या कथा ऐकते. असुरांच्या बाजूने बोलणारी भिंत मला एकही आढळली नाही. असुर येतात, गुरगुरतात, मरतात. ते कोण, कुठले, त्यांची भूमी कोणती, हा प्रश्न खेळ विचारत नाही आणि विचारूही देत नाही. येथेच खेळ आणि पुस्तक यांतील फरक लक्षात घेतला पाहिजे. वामनाची कथा वाचणारा बळीला पाताळात जाताना पाहतो. खेळणारा स्वतः त्याच्या डोक्यावर पाय ठेवतो. पुस्तक मिटून ‘मला हे मान्य नाही’ असे म्हणता येते आणि पुस्तक तरीही वाचलेले असते. खेळात असुराला मारले नाही तर पुढचे दार उघडत नाही. दलित साहित्याचा पहिला शब्द नकार हा होता. या यंत्रावर नकाराची कळच नाही. खेळणारा मनात काहीही म्हणो, त्याच्या बोटांना होकारच द्यावा लागतो.

हा मुद्दा मला पुस्तकातून सुचलेला नाही. तो कचारगडच्या पायथ्याशी ऐकलेल्या एका वादातून आलेला आहे. सालेकसा तालुक्यातील धनेगावजवळचा हा डोंगर म्हणजे गोंडांचे मूळस्थान. माघ पौर्णिमेला महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगण येथून येथे माणसे लोटतात; दरेकसाच्या लहानशा स्टेशनवर त्या दिवसांत पाय ठेवायला जागा नसते. मी बौद्ध, आई विड्या वळणारी, वडील दुसऱ्याच्या बांधीत धान रोवणारे, घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. गोंडांच्या कथा माझ्या नाहीत, म्हणून त्यांच्याविषयी अधिकारवाणीने बोलणे मला शोभणार नाही. पण माझ्या वर्गात गोंड मुले-मुली आहेत आणि यात्रेला मी त्यांच्याबरोबर गेलो आहे.

गुहा पाहून आलेली पोरे झाडाखाली बसली होती. बोलणे मोबाइलवरून खेळावर आले. एक जण म्हणाला, “सर, मी पबजीत रोज शंभर मारतो, बाहेर मुंगीसुद्धा मारत नाही. खेळात पाप-पुण्य कुठून आणता?” दुसऱ्याचे म्हणणे, यंत्र कोणाचेच नसते, चालवील त्याचे असते. बराच वेळ हे चालले. मग आतापर्यंत गप्प असलेली एक मुलगी म्हणाली, “तू ज्याला मारतोस त्याचं नाव माझ्या आजाचं असेल तर?” कोणी हसले नाही. ती गंमत करत नव्हती. गडचिरोली जिल्ह्यातील परसवाडीत दसऱ्याला रावणाला जाळत नाहीत, पूजतात. ही यात्रा १९८० च्या दशकात ज्यांच्या पुढाकाराने उभी राहिली, त्या भाषाभ्यासक मोतीराम कंगालींनी स्वतःचे नाव बदलून मोतीरावण केले होते. २०१५ मध्ये ते वारले तोवर पुस्तकांवर तेच नाव छापले जात होते. असे नाव धारण करणारा माणूस ज्यांचा गुरू आहे, त्या पोरांच्या अंगठ्याखाली दहा तोंडांचा कोणी आला की त्यांनी काय करावे? खेळ निर्माण करणाऱ्यांनी हा प्रश्न टाळला असे मी म्हणणार नाही. तो त्यांना पडलाच नाही, आणि हे अधिक वाईट.

बंदीची मागणी मी करत नाही. ‘रिडल्स’च्या वेळी बंदीची भाषा कोणाच्या तोंडी होती हे आपण विसरू नये. तसेच, आदिवासी नायकाने रामाला मारावे असा उलटा खेळ काढणे हेही मला उत्तर वाटत नाही. कातडी बदलली तरी यंत्र तेच राहील. बोटांना पुन्हा मारण्याचाच होकार द्यावा लागेल.

उत्तराचा एक धागा कचारगडच्याच कथेत आहे. सांगणाऱ्यागणिक तपशील बदलतात. मी तेथे ऐकलेली कथा अशी. काली कंकालीची दांडगी लेकरे शंभूने या गुहेत कोंडली आणि दारावर शिळा लावली. जंगो रायताडला त्यांची दया आली. लिंगोला त्यांना सोडवायचे होते. हिरासुका पाटालीर हा वादक किंगरी वाजवू लागला. त्या सुरांनी आतल्या लेकरांच्या अंगात बळ आले, सगळ्यांनी मिळून शिळेला रेटा दिला, शिळा सरकली, लेकरे सुटली. घरंगळलेल्या शिळेखाली पाटालीर मेला.

या कथेकडे खेळाच्या दृष्टीने पाहिले तर थक्क व्हायला होते. ‘राजी’तही लेकरे कोंडलेली, येथेही. पण येथे मारायला राक्षस नाही. कोंडणारा शंभू हा गोंडांचाच पूज्य आहे. त्याचा वध करायचा नाही, त्याने लावलेली शिळा सरकवायची आहे. निवडलेली एकटी नायिका नाही, वरून आलेला त्रिशूळ नाही. सूर आहे आणि एकवटलेला रेटा आहे. शौर्याची ही कल्पना प्रस्थापित महाकाव्यांच्या बाहेरची आहे, आणि ती कोणत्याही यंत्रावर आलेली मला ठाऊक नाही.

असे होऊ शकत नाही, हे म्हणणे खोटे आहे. अलास्कातील इनुपियाक लोकांची एक कथा ‘नेव्हर अलोन’ या नावाने २०१४ साली खेळात आली. तेथील आदिवासी परिषदेने खेळाच्या धंद्यातील माणसांना बरोबर घेतले; कथा ज्या कथेकऱ्याची, त्याच्या लेकीची परवानगी घेतली; निवेदन त्यांच्याच भाषेत ठेवले. मालकी कोणाची, नफा कोणाचा, बदल करायचा तर कोणाला विचारायचे, हे सर्व सौंदर्याचेच प्रश्न आहेत असे मी मानतो. कोणी पुण्या-बंगळूरचा उत्साही मंडळी घेऊन कचारगडला आला, चार छायाचित्रे काढून गेला आणि लिंगोला धनुष्य देऊन बाजारात उभा केला, तर ती लूटच होईल, चित्रे कितीही सुंदर असोत.

तंत्राची अडचण सांगितली जाते, तीही अर्धीच खरी. बालाघाटच्या मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी १९१८ च्या सुमारास गोंडीसाठी घडवलेली लिपी २०१७ मध्ये युनिकोडमध्ये आली. तेलंगणातील गुंजाळा गावच्या हस्तलिखितांतील लिपी पाठोपाठ २०१८ मध्ये. म्हणजे संगणक गोंडी अक्षर ओळखू लागला आहे. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीला मात्र, २०११ च्या जनगणनेत सुमारे ३० लाख माणसांनी मातृभाषा म्हणून नोंदवलेली ही भाषा अजून ओळखता येत नाही. यंत्र पुढे गेले, शासन मागे राहिले, आणि आपण अजून ‘पोरे वाया गेली’ म्हणतो आहोत.

झाडाखालच्या त्या पोरांनी नंतर खेळ रचायलाच घेतला, तोंडीच. सुरांनी बळ वाढवायचे, सगळ्यांनी एकाच वेळी रेटा द्यायचा, एकट्याने कितीही कळा दाबल्या तरी शिळा हलायची नाही, इथवर एकमत झाले. अडले ते पाटालीरच्या मरणापाशी. खेळात मेलेला पुन्हा उठतो. एक कळ दाबली की झाले. पाटालीर उठला तर मग कथा कसली, असे ती मुलगी म्हणाली. तिचे म्हणणे, शिळा सरकली की किंगरी बंद व्हावी आणि उरलेला सगळा खेळ सुरांशिवाय खेळावा लागावा. पबजीवाल्याला हे पटले नाही. गाणं गेल्यावर कोण खेळेल, असे तो म्हणाला. “आम्ही जगतोच की,” ती म्हणाली. त्यावर तो गप्प बसला, पण मान्य केले नाही; स्टेशनपर्यंत दोघे भांडत गेले.