लोरेंझो वाल्लाचें दानपत्रखंडन

युरोपांतील पुनरुज्जीवनाच्या काळानें जगास नवीन काय दिलें, असें विचारलें म्हणजे मुद्रणकला, बंदुकीची दारू व होकायंत्र हीं तीन नांवें ठरल्याप्रमाणें पुढें येतात. बेकननें १६२० सालीं ‘नोव्हम ऑर्गॅनम’ ग्रंथांत या तिहींनीं जगाचें रूप पालटलें असें लिहिलें, आणि तेव्हांपासून क्रमिक पुस्तकांतून हें त्रिकूट चालत आलें आहे. आम्हीही शाळेंत पुष्कळ वर्षें हाच पाठ दिला. परंतु हीं तिन्ही चीन देशांत पूर्वींपासून ठाऊक होतीं. सुटे खिळे जुळवून छापण्याची युक्ति देखील तेथील पी शंग नांवाच्या कारागिरानें अकराव्या शतकांत काढली होती. माइन्झच्या गूटेनबर्गनें १४५५ च्या सुमारास बायबल छापून पुरें केलें, त्याचें मोल यामुळें उणें होत नाहीं. तथापि त्या युगाची अगदीं स्वतःची अशी नवी वस्तु शोधावयाची झाल्यास ती आम्हांस एका व्याकरणपंडिताच्या लेखांत सांपडते.

हा पंडित लोरेंझो वाल्ला. कॉन्स्टंटाइनाच्या दानपत्राचें खोटेंपण दाखविणारा त्याचा १४४० सालचा निबंध कोलमन यानें १९२२ सालीं मूळ लॅटिनासह इंग्रजींत प्रसिद्ध केला. तो आम्हीं नुकताच पुन्हा वाचला, आणि इतिहाससंशोधनाच्या दृष्टीनें त्याचें परीक्षण करावेंसें वाटलें.

दानपत्राची हकीकत थोडक्यांत अशी. बादशहा कॉन्स्टंटाइन यास कुष्ठ झालें होतें; पोप सिल्व्हेस्टरनें त्यास बाप्तिस्मा देऊन तें बरें केलें; तेव्हां कृतज्ञतेनें त्यानें रोम नगर, इटली व पश्चिमेकडील सर्व प्रांत पोपांस व त्यांच्या वारसांस देऊन टाकले. हा लेख वस्तुतः आठव्या शतकांत रचलेला आहे, असें आतां विद्वान मानतात. परंतु मध्ययुगांत पोपांच्या ऐहिक सत्तेचा तो एक मोठा आधार होऊन बसला होता. वाल्लाच्या आधीं १४३३ सालीं क्यूझाच्या निकोलसनेंही त्याविषयीं शंका घेतली होती. म्हणजे संशय नवा नव्हता.

नवी होती ती परीक्षेची रीत. दानपत्रांत ‘सत्रप’ हा शब्द आला आहे. वाल्ला विचारतो, रोमच्या दरबारी लेखांत या इराणी अधिकाऱ्यांचें काय काम? कॉन्स्टंटाइनाच्या काळचा एक तरी खरा हुकूम दाखवा, कीं ज्यांत हा शब्द आहे. दानपत्रांतील मुकुट, ज्यास ‘डायडेम’ म्हटलें आहे, तो शुद्ध सोन्याचा व रत्नजडित आहे. वाल्ला म्हणतो, डायडेम म्हणजे कापडाची पट्टी हें ज्यास ठाऊक नाहीं त्यानें बादशहाच्या नांवें लिहूं नये. सर्वांत मार्मिक मुद्दा कॉन्स्टंटिनोपलचा. लेखाच्या एका भागांत तेथील धर्मपीठ पोपाच्या हाताखालीं दिलें आहे, व पुढें त्याच लेखांत बादशहा सांगतो कीं बायझँटियमच्या प्रदेशांत एक नगर आम्ही वसविणार आहों! जें नगर अद्याप वसलें नाहीं, ज्यास नांव मिळालें नाहीं, त्याचें धर्मपीठ आधींच मांडलिक झालें. याशिवाय समकालीन इतिहासकारांचें मौन, नाण्यांची साक्ष, आणि ग्रेशियनच्या धर्मनिर्णयसंग्रहांत हा उतारा मागाहून घुसडलेला आहे हा मुद्दा, असे पुरावे त्यानें एकावर एक रचले आहेत.

संस्कृत जाणणारास यांत ओळखीचें पुष्कळ आहे. ‘कूटशासन’ हा शब्द मनुस्मृतींत आहे, व तें करणारास तेथें वधाचा दंड सांगितला आहे. हर्षवर्धनाच्या मधुबन ताम्रपटांत तर वामरथ्य नांवाचा ब्राह्मण कूटशासनाच्या जोरावर सोमकुंडका गांव खात होता. राजानें तें शासन मोडून गांव दुसऱ्यांस दिलें, असें स्पष्ट आहे. तो पट सातव्या शतकांतला. म्हणजे खोटा लेख ओळखणें आमच्याकडे वाल्लाच्या आठशें वर्षें आधीं चालू होतें. परंतु तें शासन कूट कशावरून ठरलें हें ताम्रपट सांगत नाहीं; राजानें सांगितलें, तेवढ्यावर निकाल झाला. वाल्लानें कसोट्या उघड मांडल्या, आणि त्या कोणासही पुन्हा लावून पाहतां येतात. फ्लीटनें १९०१ सालीं ‘इंडियन अँटिक्वरी’त बनावट ताम्रपटांची यादी दिली, तेव्हां लिपि, मिति व भाषा यांच्या ज्या कसोट्या त्यानें वापरल्या, त्यांतील भाषेची कसोटी याच वळणाची होय.

आतां दोषांकडे वळूं. निबंधाचा पूर्वार्ध आम्हांस कंटाळवाणा वाटला. बादशहा असें दान करील काय, त्याचे पुत्र काय म्हणतील, रोमची सभा कशी विनवील, पोपानें कसें नाकारलें असतें, अशीं कल्पित भाषणेंच भाषणें त्यांत आहेत. हें वक्तृत्व आहे, प्रमाण नव्हे. दानपत्र रचणारास दिलेल्या शिव्या तर त्याहून अनावश्यक आहेत. परंतु खरा दोष निराळाच आहे. कॉन्स्टंटाइन सिल्व्हेस्टरच्या पूर्वींच ख्रिस्ती होता हें दाखविण्यासाठीं वाल्ला पोप मेल्कियाडीस याचें एक पत्र पुढें करतो. तें पत्रही बनावट आहे! नवव्या शतकांत इसिदोराच्या नांवावर खपविलेल्या ज्या संग्रहांत तें आहे, त्याच संग्रहांत हें दानपत्रही आढळतें. एक कूटलेख फोडतांना त्याच टोळींतला दुसरा त्यानें साक्षीस घेतला. जो लेख विरुद्ध पक्षाचा, त्याच्या प्रत्येक शब्दाची झडती. जो आपल्या उपयोगाचा, त्यास मुक्तद्वार. हा मोह वाल्लाइतक्या पंडितासही आवरला नाहीं.

येथें त्याच्या हेतूचा प्रश्न येतो. तो नेपल्सवर हक्क सांगणाऱ्या अल्फॉन्सो राजाच्या पदरीं होता, व राजाचें पोप यूजीनियस चवथा याच्याशीं वैर होतें. म्हणजे हा निबंध धन्याच्या उपयोगी होता यांत शंका नाहीं. पुढें तोच वाल्ला पोपाच्याच दरबारीं चिटणीस झाला, हें वाचून आम्हांस हंसूं आलें. आमच्याकडे एखादी सनद कोणी खोटी म्हणतांच लोक प्रथम म्हणणाराची जात, घराणें व आश्रयदाता विचारतात, आणि तेवढ्यावर वाद मिटला असें समजतात. आमच्या मतें हेतु ठाऊक असावा तो झडती कोठें घ्यावयाची हें कळण्यापुरता. मेल्कियाडीसचें पत्र त्यामुळेंच आम्ही शंकेनें पाहतों. पण ‘सत्रप’ शब्द अल्फॉन्सोचा पगार खाऊन खरा किंवा खोटा होत नाहीं.

या रीतीस पुढें दुसरें अंग फुटलें. पोलिझियानोनें १४८९ सालीं छापलेल्या ग्रंथांत सिसेरोच्या पत्रांच्या पोथ्यांविषयीं दाखविलें कीं, एका पोथींत बांधणाऱ्यानें पानें मागेंपुढें लावलीं होतीं, आणि तोच घोंटाळा इतर पोथ्यांत पानें न हलतां उतरला आहे. सबब त्या सर्व हिच्या नकला. दोघां विद्यार्थ्यांच्या उत्तरांत एकच विचित्र चूक दिसली कीं मास्तरास जें कळतें, तेंच हें. पोथ्यांच्या वंशावळीची ही विद्या एकोणिसाव्या शतकांत जर्मन पंडितांनीं वाढविली. बर्लिन येथें शिकलेल्या डॉ. सुकथनकरांनीं ती पुण्यास भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांत महाभारतास लावली, व भारताच्या पोथ्या परस्परांत इतक्या मिसळल्या आहेत कीं ती येथें जशीच्या तशी चालणार नाहीं, हेंही आदिपर्वाच्या १९३३ च्या प्रस्तावनेंत त्यांनींच सांगितलें. ती आवृत्ति १९६६ सालीं पुरी झाली.

वाल्लाच्या निबंधास खरें बळ आलें तें छापखान्यामुळें. उल्रिख फॉन हुटेननें जर्मनींत तो छापून काढला. १५२० सालीं तो ल्यूथरच्या हातीं पडला. शतकाच्या अखेरीस पोपांचा कैवारी इतिहासकार बॅरोनियस यासही दानपत्र खोटें असें मान्य करावें लागलें. पण ल्यूथर तो निबंध वाचीत होता त्याच वर्षीं रोम येथें पोपांच्या वाड्यांत राफाएलच्या शिष्यांनीं कॉन्स्टंटाइनाच्या दालनाच्या भिंती रंगविण्यास घेतल्या. काम १५२४ सालीं संपलें. त्यांतील एका चित्रांत बादशहा गुडघे टेकून रोमची सोन्याची मूर्ति पोप सिल्व्हेस्टरच्या हातीं देत आहे. तें चित्र आजही त्या भिंतीवर आहे.