‘स्टॅच्यू’ म्हटल्यावर पुढे काय?

अस्फटिकी मिश्रधातू समजावून देताना मैदानावरच्या मुलांचा दृष्टान्त सोयीचा वाटतो. प्रार्थनेला रांगेत उभी असलेली मुले म्हणजे स्फटिक. मधल्या सुट्टीत धावणारी मुले म्हणजे द्रव. आणि कोणी ‘स्टॅच्यू’ म्हणताच जिथल्या तिथे थिजलेली मुले म्हणजे धातूची काच. १९६० साली अमेरिकेत कॅल्टेकमध्ये पोल दुवेझ व त्यांच्या सहकाऱ्यांनी सोने आणि सिलिकॉन यांचा वितळलेला मिश्रधातू सेकंदाला सुमारे दहा लाख अंश इतक्या वेगाने थंड केला. अणूंना रांगा लावायला सवडच मिळाली नाही. इथवर दृष्टान्त चोख आहे.

पण अशी पट्टी तापवली, की वितळण्याच्या बऱ्याच आधी तिच्यात स्फटिक तयार होतात. एखादी विद्यार्थिनी विचारील, “सर, उष्णतेने तर अणू जास्त हलतात. मग ते रांगेत कसे येतात?” दृष्टान्ताजवळ याचे उत्तर नाही, कारण त्यात ऊर्जेचा विचारच नाही. द्रवणांकाच्या खाली स्फटिकी रचना अधिक स्थिर असते. अणूंचा कल तिकडेच असतो. अडते ते हलता न आल्यामुळे. तापवल्याने तेवढी मोकळीक मिळते. स्फटिक बनताना पट्टीतून उष्णता बाहेर पडते, ही याचीच खूण.

दुसरी उणीव म्हणजे, ‘स्फटिकीभवनाचे तापमान’ द्रवणांकासारखे ठरावीक मानले जाते. प्रत्यक्षात सावकाश तापवले तर ते खाली येते, भरभर तापवले तर वर सरकते. कमी तापमानाला बराच वेळ ठेवूनही तोच बदल घडतो. तापमानाबरोबर वेळही सांगितलाच पाहिजे.

शिवाय, स्फटिकीभवन म्हणजे बिघाड, असा समज होतो. पट्टी ठिसूळ होते हे खरे. पण १९८८ साली जपानमधील हिताची मेटल्सच्या संशोधकांनी लोह-सिलिकॉन-बोरॉनमध्ये थोडे तांबे व नायोबियम घालून ती पट्टी सुमारे ५५० अंश सेल्सिअसला तापवली. तांब्यामुळे स्फटिकांची बीजे पुष्कळ पडली, नायोबियममुळे त्यांची वाढ रोखली गेली. मिलिमीटरच्या लाखाव्या भागाएवढे स्फटिक बनले आणि उत्तम चुंबकीय पदार्थ हाती आला.

दृष्टान्त टाकून देऊ नये, खेळ पुढे चालवावा. थिजलेल्या मुलांना सांगावे : “आता थोडे थोडे सरका आणि शेजाऱ्याच्या खांद्याला खांदा लावा.” मैदानावर जागोजागी छोट्या रांगा दिसू लागतील. त्या विद्यार्थिनीचे उत्तर तिच्या समोरच उभे असेल.