ठार, शहीद, हत्या : चांद्याच्या जंगलातील तीन शब्द

‘जेनोसाइड’ला मराठीत अजून एक ठाम प्रतिशब्द मिळालेला नाही. वर्तमानपत्रे ‘नरसंहार’ लिहितात, अभ्यासक ‘वंशसंहार’ किंवा ‘वंशविच्छेद’ पसंत करतात आणि बोलताना आपण सगळ्यालाच ‘हत्याकांड’ म्हणतो. हा नुसता परिभाषेचा घोळ असता तर परिभाषा कोशाकडे सोपवून मोकळे होता आले असते. पण ‘नरसंहार’ म्हटले की डोळ्यांसमोर प्रेते येतात, आणि प्रेते पडण्याआधी वर्षानुवर्षे जे चाललेले असते ते या शब्दात मावत नाही. मला या लेखात त्या आधीच्या काळाविषयी लिहायचे आहे, आणि तेही चंद्रपूर-गडचिरोलीच्या संदर्भात.

हा शब्द घडवला राफाएल लेम्किन या पोलिश-ज्यू कायदेपंडिताने, १९४४ साली. लेम्किन यांच्या मांडणीत माणसे मारणे हा अनेक मार्गांपैकी एक मार्ग होता. एखाद्या समाजाची भाषा, उपासना, उपजीविका, स्वतःचा कारभार स्वतः पाहण्याची रीत मोडणे आणि त्या जागी दुसऱ्याची घडी बसवणे, हे सगळे त्यांनी एकाच गुन्ह्यात धरले होते. संयुक्त राष्ट्रांचा करार ९ डिसेंबर १९४८ रोजी मंजूर झाला, तेव्हा मसुद्यातले सांस्कृतिक विनाशाचे कलम गळले होते. उरला तो मुख्यतः गटाला ‘संपूर्णतः किंवा अंशतः’ नष्ट करण्याचा हेतू. भारताने १९५९ साली या कराराला मान्यता दिली. त्यासाठी स्वतंत्र कायदा मात्र केला नाही.

आता स्पष्टच सांगतो. चांद्याच्या जंगलात जे घडले त्याला वंशसंहार म्हणणे मला मान्य नाही. गोंड आणि माडिया नाहीसे झालेले नाहीत. त्यांना नाहीसे करण्याची योजना कोणी आखली होती असेही दाखवता येत नाही. एवढा जड शब्द कुठेही टाकला की तो बोथट होतो आणि ज्यांच्यावर खरोखर ते ओढवले त्यांचाही अपमान होतो. तरीही वंशसंहाराच्या अभ्यासकांनी शोधून काढलेल्या वाटेचे पहिले टप्पे आपल्या जिल्ह्यांच्या दप्तरात ओळखीचे वाटतात, आणि ती ओळख टाळता येत नाही.

राउल हिलबर्ग यांनी १९६१ सालच्या आपल्या ग्रंथात युरोपातील ज्यूंच्या विनाशाची वाट उलगडली : आधी व्याख्या, मग मालमत्तेचे हरण, मग एका जागी कोंडणे, मग संहार. हिलबर्ग वाचताना अंगावर येतो तो क्रूरपणा कमी आणि कारकुनी जास्त. पहिल्या दोन टप्प्यांत काम करणाऱ्या बहुतेकांना आपण कोणाचे वाईट करतो आहोत असे वाटण्याचे कारणच नव्हते. ते नोंदी करत होते, नियम लावत होते, पावत्या फाडत होते.

चांद्याची व्याख्या अशीच दप्तरात झाली. गोंड राजांचे हे राज्य १७५१ मध्ये नागपूरकर भोसल्यांकडे गेले, पुढे इंग्रजांकडे. जनगणना सुरू झाल्यावर या माणसांचा धर्म कोणत्या रकान्यात घालावा हा प्रश्न पडला आणि ‘अ‍ॅनिमिस्ट’ हा रकाना निघाला. रसेल आणि हिरालाल यांचे मध्य प्रांतातील जातिजमातींवरचे चार खंड १९१६ साली आले. त्यातील गोंडांवरच्या प्रकरणाचा आधार आपल्याकडचे लेखक अजूनही घेतात. व्याख्येपाठोपाठ हरण आले. १८७८च्या वन कायद्याने जंगल राखीव आणि संरक्षित अशा वर्गांत वाटले. जी कामे आजवर जगण्याचा भाग होती, म्हणजे चराई, लाकूड आणणे, जंगल जाळून पेंदा शेती करणे, ती परवानगीची किंवा गुन्ह्याची बाब झाली. १९२७च्या कायद्यात बांबू ‘झाड’ ठरला. वनस्पतिशास्त्र त्याला गवत म्हणते, पण खटला वनस्पतिशास्त्रावर चालत नाही. त्याच बांबूवर बल्लारपूरचा कागद कारखाना चालला, आणि सूप-टोपली विणणाऱ्याला तोच बांबू तोडायला परवाना लागू लागला. यात द्वेष शोधायला गेलात तर फारसा सापडणार नाही. मला काळजी वाटते ती त्याचीच.

इथे एका लोकप्रिय मांडणीशी माझे भांडण आहे. ग्रेगरी स्टँटन यांनी वंशसंहाराचे टप्पे सांगितले. आधी आठ, पुढे दहा. पहिला टप्पा ‘वर्गीकरण’, म्हणजे ‘आपण’ आणि ‘ते’ अशी विभागणी. ही यादी अभ्यासवर्गात सोयीची आहे, पण गोंड समाजासमोर ठेवली की लंगडी पडते. गोंडही वर्गीकरण करतात, आणि फार काटेकोर करतात. चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे. अनोळखी गोंड भेटला की देव किती, ही चौकशी होते. देवांची संख्या सारखी निघाली तर तो भाऊबंद, वेगळी निघाली तर त्याच्या घरी सोयरीक होऊ शकते. दोन्ही उत्तरांनी नातेच जुळते. रवांडात बेल्जियन राजवटीने १९३०च्या दशकात ओळखपत्रावर ‘हुतू’ किंवा ‘तुत्सी’ छापले, तेव्हा तीही चौकशीच होती. पण १९९४ मध्ये रस्त्यावरच्या नाक्यांवर तेच कार्ड पाहून माणसे मारली गेली. तेव्हा वर्गीकरण हा दोषी नाही. वही कोणाच्या हातात आहे, आणि उत्तर दिल्यावर नाते जुळते की तुटते, हे पाहायला हवे.

यानंतर मला आपल्याच गद्याकडे वळावे लागते. गडचिरोली हा जिल्हा चंद्रपुरातून २६ ऑगस्ट १९८२ रोजी वेगळा झाला. तेव्हापासून तिथल्या मृत्यूंसाठी मराठीने तीन शब्द रूढ केले आहेत. पोलीस ‘शहीद’ होतात. नक्षलवादी ‘ठार’ होतात, आणि मथळ्यात तर क्रियापदही गळते : ‘चकमकीत इतके ठार’. ‘केले’ नाही, ‘झाले’ही नाही, कर्ता कोण हे व्याकरणालाच विचारता येत नाही. गावकऱ्याची ‘हत्या’ होते, आणि तिला ‘खबऱ्या असल्याच्या संशयावरून’ हे शेपूट हमखास लागते. त्या शेपटात मारणाऱ्याचा आरोप बातमी स्वतःच्या तोंडाने उच्चारते.

एप्रिल २०१८ मध्ये कसनासूर-बोरियाजवळ इंद्रावतीकाठी झालेल्या कारवाईत ४० जण ठार झाले. २०१९च्या जानेवारीत भामरागड तालुक्यातील तिघा गावकऱ्यांना माओवाद्यांनी खबरे ठरवून मारले. त्याच वर्षी १ मे रोजी जांभुळखेड्याला भूसुरुंगाने १५ पोलीस आणि त्यांचा वाहनचालक गेले. तीन घटना, तीन शब्द. आता एक गोष्ट ध्यानात घ्या. पोलिसांचे सी-६० हे पथक १९९०च्या सुमारास उभे राहिले ते स्थानिक तरुणांची भरती करून, आणि त्यात आदिवासी तरुण मोठ्या संख्येने आहेत. माओवाद्यांच्या दलमांतही स्थानिक माडिया-गोंड मुले-मुली होत्या. संशयाने मारला गेलेला गावकरीही बहुधा त्यांच्यातलाच. म्हणजे एकाच भाषेत वाढलेल्या, कदाचित एकाच संख्येच्या देवांच्या तीन माणसांना आपण तीन वेगवेगळे मृत्यू वाटून दिले. ‘खबऱ्या’ आणि ‘समर्थक’ हे दोन्ही रकाने बाहेरून आले. गावाला मात्र त्यांपैकी एकात बसावेच लागले. इंद्रावतीपलीकडे बस्तरात २००५ पासून ‘सलवा जुडूम’च्या नावाने हेच उघडपणे केले गेले, आणि सर्वोच्च न्यायालयाला २०११ मध्ये ते थांबवावे लागले.

मराठी साहित्याने हे पाहिले का? विलास मनोहर यांच्या ‘एका नक्षलवाद्याचा जन्म’ या कादंबरीने पाहिले. तिचे बळ मला हेच वाटते की तिच्यात कटकारस्थान रचणारा खलनायक लागत नाही. वनखाते, पोलीस, बाहेरून आलेली माणसे यांचा रोजचा छोटा छोटा जाच साचत जातो, आणि शीर्षकातला ‘जन्म’ त्या साचण्यातून होतो. हिलबर्ग यांनी कागदपत्रांतून जे दाखवले ते मनोहर यांनी माणसाच्या बाजूने दाखवले, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. तिची मर्यादाही सांगायला हवी. माडियाच्या मनातले मराठीत येते ते माडिया नसलेल्या लेखकाकडून. हेमलकशाच्या कामावरच्या आपल्या आवडत्या लेखनालाही हे लागू आहे. ‘प्रकाशवाटा’ हे शीर्षक कितीही निर्मळ असले तरी अंधार कोणाच्या बाजूला धरला गेला, हे त्यात गृहीतच आहे. या कामाविषयी मला आदर आहे. माझी तक्रार आपल्या वाचण्याविषयी आहे. आपण ही पुस्तके वाचून हळहळलो, आणि त्याच आठवड्यात ‘इतके ठार’ हा मथळा चहाबरोबर वाचून पान उलटले.

दुसरी बाजू लिहिली जात नव्हती असे नाही. पहिले आदिवासी साहित्य संमेलन १९७९ साली चंद्रपूर जिल्ह्यातच, भद्रावतीला भरले. भुजंग मेश्राम यांचा ‘उलगुलान’ आला, उषाकिरण आत्राम यांच्या ‘मोट्यारिन’मध्ये गोंडी आणि मराठी शेजारी नांदल्या. पण अभ्यासक्रमात आणि समीक्षेत त्यांना मिळालेला रकाना पाहा : ‘आदिवासी साहित्य’, शेवटचे प्रकरण, चार पाने.

रकाने बदलत नाहीत असे मात्र नाही. बाबुराव शेडमाके यांनी १८५८ मध्ये चांद्यात बंड केले. त्यात तार खात्याचे दोन इंग्रज कर्मचारी मारले गेले. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी शेडमाके यांना चांद्याच्या तुरुंगात फाशी झाली. सरकारी दप्तरात ते बंडखोर होते. २००९ साली भारतीय टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले. दीडशे वर्षे लागली.

त्याच २००९ साली धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. ज्या वनहक्क कायद्याने तो मिळाला, त्याच्या प्रास्ताविकात सरकारने स्वतःच ‘ऐतिहासिक अन्याय’ हा शब्द वापरला आहे. तरी बांबू नेण्याचा परवाना कोणी द्यायचा यावर वनखाते अडून बसले होते. २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री आणि मुख्यमंत्री गावात आले आणि परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती देण्यात आले. तेव्हापासून मेंढ्याच्या बांबूवर ग्रामसभेचा शिक्का बसतो.