अवघड रस्ता कोण ठरवतो?

२०१९ सालच्या डिसेंबरमध्ये बुलडाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात एक तरुण वाघ येऊन पोहोचला. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातून तो निघाला होता. त्याच्या गळ्यात रेडिओ-पट्टा होता, त्यामुळे तो कुठे आहे हे शास्त्रज्ञांना आणि वनखात्याला कळत असे. शेते, नाले, सडका ओलांडत महाराष्ट्र आणि तेलंगणातून पाच महिन्यांत त्याने सुमारे १,३०० कि.मी. मजल मारली होती. उपग्रहांनी त्याचे स्थान सांगितले. वाट मात्र त्याची त्याने निवडली.

मोटारीत बसून फोनमधला नकाशा उघडताना आपण नेमका हाच फरक विसरतो. ‘जीपीएसने रस्ता दाखवला’ असे आपण सहज म्हणतो. वास्तविक जीपीएस रस्ता दाखवत नाही. १९९५ साली पूर्ण क्षमतेने सुरू झालेली ही यंत्रणा किमान २४ उपग्रहांची आहे. उपग्रहांकडून आलेल्या वेळेच्या संकेतांवरून आपण पृथ्वीवर कोठे आहोत हे आपला फोन काढतो. तिचे काम तेथे संपते. पुढचा प्रश्न, म्हणजे कोणत्या रस्त्याने जावे, हा संगणकाच्या आज्ञावलीने सोडवायचा असतो, आणि ती आज्ञावली माणसांनी लिहिलेली असते. तेव्हा रस्ता चुकला तर उपग्रहाला दोष देण्यात अर्थ नाही. परीक्षा घ्यायची ती मार्ग निवडणाऱ्या आज्ञावलीची. या लेखात आम्ही तेच करणार आहोत.

पांधनीचा धडा

काही वर्षांपूर्वी मेहकर तालुक्यातील एका शाळेत विज्ञानविषयक कार्यक्रमासाठी आम्ही निघालो होतो. पावसाळ्याचे दिवस होते. फोनमधल्या नकाशाने दोन रस्ते दाखवले. दुसरा काही मिनिटांनी जवळचा होता, म्हणून आम्ही तो घेतला. डांबर संपले, खडी संपली आणि गाडी दोन शेतांमधल्या पांधनीच्या तोंडाशी येऊन उभी राहिली. तेथे बैल घेऊन चाललेल्या एका शेतकऱ्याने आम्हाला थांबवले. तो म्हणाला, “पानी पडलं की या पांधनीनं बैलगाडीबी फसते भाऊ, सडकेनंच जा.” आम्ही मागे फिरलो. कार्यक्रमाला अर्धा तास उशीर झाला, याहून अधिक नुकसान झाले नाही.

शेतकऱ्याला जे माहीत होते ते मृदाशास्त्रालाही माहीत आहे. आपल्याकडची काळी माती बेसाल्ट खडकाच्या झिजेतून तयार झाली आहे. तिच्यातील चिकणमातीच्या खनिजांची रचना पापुद्र्यांसारखी असते. पापुद्र्यांमध्ये पाणी शिरले की माती फुगते आणि तिची भार सोसण्याची ताकद झपाट्याने कमी होते. मे महिन्यात ज्या वाटेवरून ट्रॅक्टर खडखडत जातो, त्याच वाटेवर जुलैमध्ये मोटारीचे चाक रुतते. म्हणजे ‘हा रस्ता अवघड आहे का?’ या प्रश्नाचे उत्तर महिन्यावर अवलंबून असते. नकाशावरची रेघ मात्र बारा महिने तशीच राहते.

प्रत्येकाचा प्रसंग अर्ध्या तासाच्या उशिरावर निभावत नाही. जानेवारी २०२१ मध्ये पुण्याहून कळसूबाईकडे निघालेली एक मोटार रात्रीच्या वेळी तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्यात शिरली. नकाशाने दाखवलेल्या रस्त्यावरचा पूल वर्षातले काही महिने पाण्याखाली असतो. दोघे पोहून बाहेर आले, गाडी चालवणारा बुडाला. पूल पाण्याखाली आहे हे आसपासच्या लोकांना ठाऊक होते. ते ज्ञान नकाशात नव्हते.

भार बदला, मार्ग बदलतो

मार्ग निवडण्याचे गणित कसे चालते ते आता पाहू. १९५६ साली ॲम्स्टरडॅममध्ये काम करणाऱ्या एड्स्गर डाइक्स्ट्रा या डच शास्त्रज्ञाने सर्वांत जवळचा मार्ग शोधण्याची एक सुटसुटीत रीत बसवली आणि १९५९ मध्ये ती प्रसिद्ध केली. गावे म्हणजे बिंदू, रस्ते म्हणजे त्यांना जोडणाऱ्या रेषा आणि प्रत्येक रेषेवर एक आकडा, म्हणजे तिचा ‘भार’. ज्या मार्गावरील भारांची बेरीज सर्वांत कमी, तो मार्ग उत्तम. आजच्या आज्ञावल्यांत पुष्कळ सुधारणा झाल्या आहेत, पण गाभा हाच आहे.

एक उदाहरण घेऊ. यातील आकडे केवळ समजण्यासाठी कल्पिले आहेत. क हा रस्ता ४८ कि.मी. लांब असून त्यावर सरासरी वेग ताशी ४० कि.मी. मिळतो. ख हा रस्ता ६५ कि.मी. लांब असून त्यावर ताशी ५० कि.मी. वेग मिळतो. क रस्त्याला ७२ मिनिटे लागतील, ख रस्त्याला ७८. भार म्हणून फक्त वेळ धरली तर आज्ञावली क रस्ता निवडेल.

आता क रस्त्यावरची १८ मिनिटे वळणावळणाच्या घाटातली आहेत आणि ख रस्त्यावरची ४ मिनिटेच घाटातली आहेत असे समजू. नुकतीच गाडी शिकलेल्या व्यक्तीसाठी आम्ही घाटातले प्रत्येक मिनिट दीडपट मोजायचे ठरवले. क रस्त्याचा भार ७२ अधिक ९, म्हणजे ८१ झाला. ख रस्त्याचा ७८ अधिक २, म्हणजे ८० झाला. आता ख रस्ता उत्तम ठरला!

रस्ते तेच, गणिताची रीतही तीच. बदलला तो फक्त भार. तो दीडपट असावा, दुप्पट असावा की मुळीच असू नये, हे कोणतेही प्रमेय सांगत नाही. तो निर्णय माणसाचा असतो. म्हणूनच आमचे म्हणणे असे, की नकाशाचे गणित क्वचितच चुकते. अपुरे असते ते त्याचे अवघडपणाचे माप.

घाट टाळता येतो का?

बुलडाणा जिल्हा ‘घाटावरचा’ आणि ‘घाटाखालचा’ अशा दोन भागांत आहे, हे येथील शाळकरी मुलालाही माहीत असते. अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलेले बुलडाणा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंचीवर आहे. मलकापूर, नांदुरा, खामगाव ही घाटाखालची गावे त्याहून बरीच खाली आहेत. मोताळ्याकडे जाताना राजूर घाट लागतो. खामगावकडे थेट जाताना बोथ्याचा घाट लागतो आणि तो रस्ता ज्ञानगंगेच्या जंगलातून जातो. घाटावरून घाटाखाली जाणाऱ्याला कुठून तरी उतरावेच लागते. येथे निवड असते ती कोणत्या घाटाने आणि कोणत्या वेळी उतरायचे याची.

ही निवड करताना फोनमधला नकाशा आपल्याला काय देतो? गूगलच्या नकाशात ‘टोल टाळा’, ‘महामार्ग टाळा’ आणि ‘तरी टाळा’ असे तीन पर्याय आहेत. बुलडाणा जिल्ह्यात मोटार तरीतून नेण्याचा प्रसंग कितीसा येणार? घाट टाळा, कच्चा रस्ता टाळा, पुरात बुडणारा रपटा टाळा, असे पर्याय मात्र नाहीत. हे पर्याय जेथे ठरले तेथील प्रवाशाच्या अडचणी वेगळ्या होत्या, असेच यावरून म्हणावे लागते.

चढउतारांची माहितीच नाही, असा बचाव येथे चालणार नाही. डिसेंबर २०२३ मध्ये याच कंपनीने भारतासाठी कमी इंधन लागणारा मार्ग दाखवण्याची सोय जाहीर केली. त्या हिशेबात रस्त्याचा चढउतार धरलेला असतो. म्हणजे चढ किती हे यंत्राला ठाऊक आहे. पेट्रोल वाचवण्यासाठी ते ज्ञान वापरले जाते, पण घाटाची धास्ती असलेल्या चालकाला ते उपलब्ध होत नाही.

वरून दिसणारी रुंदी

न्याय्य टीकेत जमेची बाजूही मांडली पाहिजे. अनोळखी शहरात रात्री पोहोचणाऱ्याला या नकाशांचा मोठा आधार असतो. दुचाकीसाठी वेगळा मार्ग दाखवण्याची सोय गूगलने २०१७ मध्ये प्रथम भारतातच आणली. अवघड रस्त्यांच्या प्रश्नाकडेही लक्ष गेले आहे. जुलै २०२४ मध्ये याच कंपनीने चारचाकी वाहनांसाठी अरुंद रस्ते टाळण्याची सोय जाहीर केली. उपग्रहचित्रे, रस्त्यावरून घेतलेली छायाचित्रे, रस्त्याचा प्रकार, दोन्ही बाजूंच्या इमारतींमधील अंतर अशा गोष्टींवरून संगणक रुंदीचा अंदाज बांधतो. हे काम खरोखर कौतुकाचे आहे.

परंतु त्या घोषणेतील आठ शहरे पाहा. हैदराबाद, बंगळुरू, चेन्नई, कोइमतूर, इंदूर, भोपाळ, भुवनेश्वर आणि गुवाहाटी. त्यांत महाराष्ट्रातले एकही शहर नाही, आणि ग्रामीण भाग तर या यादीत येणारच नव्हता. शिवाय रुंदी हे अवघडपणाचे एकच अंग आहे. आमची पांधन पुरेशी रुंद होती. वरून, उन्हाळ्यात घेतलेल्या चित्रात ती चांगली सरळ पट्टी दिसली असती. माती ओली झाली की काय होते, रपट्यावरून पाणी किती दिवस वाहते, वळणावर कठडा आहे की नाही, हे वरून दिसत नाही. ते रस्त्यावर उभे राहूनच कळते.

आणखी एक अडचण आहे. रस्त्यावरील वेगाचा अंदाज त्या रस्त्याने गेलेल्या फोनांच्या नोंदींवरून बांधला जातो. जिथे वाहने जास्त, तिथे नोंदी जास्त आणि अंदाज चांगला. जिथे दिवसातून चार गाड्या जातात, तिथे नोंदी तोकड्या. म्हणजे जेथे चुकल्यावर मदत मिळणे कठीण, नेमके तेथेच या यंत्राचे ज्ञान पातळ असते. तरीही मुंबईत आणि मेहकरमध्ये ते त्याच ठाम आवाजात ‘उजवीकडे वळा’ असे सांगते. आपल्या उत्तरातील अनिश्चितता न सांगणे हा कोणत्याही शास्त्रीय साधनाचा दोषच मानला पाहिजे. प्रयोगवहीत मोजमापाबरोबर चूक-मर्यादा न लिहिणाऱ्या विद्यार्थ्याचे आपण गुण कापतो, येथे मात्र आपण काहीच विचारत नाही.

सोपा म्हणजे सुरक्षित नव्हे

अवघड रस्ते टाळले की प्रवास निर्धोक झाला, असेही नाही. ७०१ कि.मी. लांबीचा नागपूर–मुंबई समृद्धी महामार्ग बुलडाणा जिल्ह्यातून जातो. त्याचा नागपूर–शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी. रुंद, सरळ, आडवी वाहतूक नसलेला हा रस्ता आहे. वेळेचा भार धरणाऱ्या आज्ञावलीला तो आवडणारच. तरीही १ जुलै २०२३ च्या पहाटे याच रस्त्यावर सिंदखेड राजाजवळ खाजगी बसला अपघात होऊन ती पेटली आणि २५ प्रवाशांचा मृत्यू झाला. एका अपघातावरून रस्त्याचा निवाडा करू नये, हे खरे. पण चालकाचा थकवा, पहाटेची झोप, वाहनाची स्थिती या गोष्टी कोणत्याही रेषेवरच्या भारात येत नाहीत, एवढे त्यावरून निश्चित दिसते. घाटात चालक जागा असतो, कारण वळण त्याला जागे ठेवते. सरळ रस्त्यावर ते काम त्याचे त्यालाच करावे लागते.

वर्गात काय करता येईल?

शिक्षकांना हा विषय सहज वर्गात आणता येईल. भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० प्रमाणाचा स्थलदर्शक नकाशा घ्यावा. त्यावर पक्के आणि कच्चे रस्ते वेगवेगळ्या चिन्हांनी दाखवलेले असतात. समोच्च रेषा जेथे दाटतात तेथे चढ तीव्र, हे मुलांना ठाऊक असते. शाळेपासून तालुक्याच्या गावापर्यंतचा मार्ग आधी या नकाशावर आखावा, मग फोनवर पाहावा आणि दोन्हींतला फरक लिहून काढावा.

त्यानंतर मुलांनी आपापल्या गावच्या रस्त्यांचा तक्ता करावा. रुंदी किती, डांबर की माती, रपटे किती, गेल्या पावसाळ्यात किती दिवस बंद होता, एसटी जाते का, हे वडीलधाऱ्यांना विचारून भरावे. मग प्रत्येक गटाने वेगळ्या प्रवाशासाठी भार ठरवावेत. एका गटाने दवाखान्यात निघालेल्या गरोदर बाईसाठी, दुसऱ्याने उसाच्या ट्रॅक्टरसाठी, तिसऱ्याने सायकलवरच्या विद्यार्थिनीसाठी. त्याच गावात प्रत्येकाचा ‘उत्तम मार्ग’ वेगळा निघेल, आणि बेरीज-गुणाकारापलीकडचे गणित मुलांच्या ध्यानात येईल. २००४ साली सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशात कोणालाही रस्त्याचा पृष्ठभाग, रुंदी, पाण्यातून जाणारी वाट अशा नोंदी करता येतात. शहानिशा करून वरिष्ठ विद्यार्थ्यांनी तेथे आपल्या गावची माहिती भरली, तर वर्गातला अभ्यास अनोळखी वाटसरूच्याही उपयोगी पडेल.

नकाशे तयार करणाऱ्यांकडून आमची अपेक्षा माफक आहे. मार्ग सुचवताना तो का सुचवला हे सांगावे, माहिती किती जुनी आणि किती खात्रीची हे दाखवावे, आणि घाट, कच्चा रस्ता, रपटा यांचे भार प्रवाशाच्या हाती द्यावेत. रस्ता बंद असल्याची सूचना लावणे हे ज्या शासकीय खात्यांचे काम आहे, त्यांची जबाबदारीही नकाशामुळे कमी होत नाही. तोपर्यंत डांबर संपले की गाडी थांबवावी, काच खाली करावी आणि रस्त्यावरच्या माणसाला विचारावे. आम्ही त्या दिवशी विचारलेही नव्हते. त्या शेतकऱ्याने आपण होऊन सांगितले.