आवाजाशी इमान

‘हाय-फाय’ हा शब्द आता मोबाइलच्या दुकानापासून लग्नाच्या मांडवापर्यंत सगळीकडे ऐकू येतो. त्याचा मूळ अर्थ साधा आहे. मुद्रित झालेल्या आवाजाशी जे यंत्र जास्तीत जास्त इमान राखते, ते हाय-फाय. पण इमान राखले की नाही हे ठरवायचे, तर मूळ आवाज कसा होता ते ठाऊक असावे लागते. घरी चांगली ध्वनियंत्रणा उभारू पाहणाऱ्याला बाजारात जो सल्ला मिळतो, त्यात नेमका हाच प्रश्न गाळलेला असतो. या लेखात त्या सल्ल्याची तपासणी करायची आहे.

मूळ आणि नक्कल समोरासमोर ठेवण्याची कल्पना जुनी आहे. एडिसनच्या कंपनीने १९१५ पासून अमेरिकेत जाहीर प्रयोग केले. गायिका आणि तिचीच तबकडी एका रंगमंचावर आणायची आणि फरक ओळखायचे आव्हान श्रोत्यांना द्यायचे. हेतू जाहिरातीचा होता, आणि गाणारेही आपला आवाज यंत्राला जुळेल असा लावत. पुढे १९५४ मध्ये स्पीकर बनवणारे गिल्बर्ट ब्रिग्ज यांनी लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये प्रत्यक्ष वादन आणि ध्वनिमुद्रण पाठोपाठ ऐकवले. दोन्ही ठिकाणी एक गोष्ट मान्य होती : निवाडा करायचा तो जिवंत आवाजाला साक्षी ठेवून.

हा साक्षीदार देगलूरकरांच्या दारात आहे. गुंडा महाराजांच्या परंपरेतले चक्रीभजन या गावाची ओळख आहे. टाळ-मृदंगाचे भजन लाऊडस्पीकरशिवाय, चार हातांवर बसून ज्याने ऐकले आहे, त्याच्याकडे कोणत्याही दुकानात न मिळणारी मोजपट्टी असते. मृदंगाच्या कणीक लावलेल्या तोंडातून निघणाऱ्या आवाजाला स्वतःचा सूर असतो. तो उमटतो, भरतो आणि विरतो. सुमार खोक्यातून मात्र कुठलाही ठोका एकाच सुरात ‘धुम्म’ असा येतो. तो सूर मृदंगाचा नसतो, खोक्याचा असतो. हा एक फरक कानाला कळला, की यंत्र पारखण्याचे निम्मे काम झाले.

बाजार मात्र बोलतो वॉटची भाषा. आपल्याकडे टेपरेकॉर्डर आणि होम थिएटरच्या खोक्यांवर ‘पीएमपीओ’ म्हणून हजारो वॉटचे आकडे छापले गेले. हा आकडा काढण्याची सर्वमान्य पद्धतच नाही, त्यामुळे त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. बघायचा तो सातत्याने मिळणारा ‘आरएमएस’ आकडा. त्याचाही बाऊ नको. वॉट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटण्यासाठी साधारण दहापट वॉट लागतात. स्पीकरची संवेदनक्षमता १ वॉटला १ मीटरवर किती डेसिबल, अशी दिलेली असते. ८७ ऐवजी ९० डेसिबलचा स्पीकर घेणे म्हणजे ॲम्प्लिफायर दुप्पट ताकदीचा घेण्यासारखे आहे. बैठकीच्या खोलीतले गाणे बहुतेक वेळ एक-दोन वॉटवरच चालते.

दुसरा मुद्दा, आपण ऐकणार काय आहोत? अब्दुल करीम खाँसाहेबांचे उदाहरण घेऊ. त्यांची पहिली ध्वनिमुद्रणे विसाव्या शतकाच्या आरंभीची, कर्ण्यासमोर गाऊन केलेली. कर्ण्याच्या त्या पद्धतीत ढोबळमानाने २०० ते २५०० हर्ट्झ एवढाच पट्टा पकडला जाई. १९२५ मध्ये मायक्रोफोनने मुद्रण सुरू झाले आणि वरची मर्यादा ५००० हर्ट्झ व पुढे गेली. त्यांच्या १९३०च्या दशकातल्या तबकड्या या दुसऱ्या काळातल्या. तेव्हा आपल्या जुन्या गाण्याचा जीव मधल्या पट्ट्यात आहे. ज्या यंत्रात खर्ज आणि तारेचा चमचमाट फुगवलेला असतो, ते यंत्र तबकडीत नसलेला धमाका घालते आणि असलेली खरखर वाढवते. मींड मात्र मागे पडते. शिवाय ही सारी मुद्रणे मोनो आहेत. त्यांच्यासाठी दोन सुमार स्पीकरांपेक्षा एक चांगला स्पीकर बरा. स्टुडिओत वापरतात तसे, ॲम्प्लिफायर आतच असलेले मॉनिटर स्पीकर सुटे, एकेकही मिळतात.

तिसरा मुद्दा खोलीचा, आणि तो सर्वांत दुर्लक्षित. मातीच्या जाड भिंती, लाकडी सर आणि वर माळवद अशा जुन्या खोलीत आणि स्लॅब-फरशीच्या नव्या खोलीत मी एकच स्पीकर लावून ऐकला आहे. जुन्या खोलीत शब्द सुटे ऐकू येतात. नव्या खोलीत टाळी वाजवली तरी ती खणखणत राहते. स्लॅबच्या घरात आधी जाड सतरंजी, भिंतीला पुस्तकांची मांडणी, खिडकीला जड पडदा, नाहीतर दोरीवर टाकलेली वाकळ, एवढे केले तरी फरक पडतो. स्पीकर कोपऱ्यातून बाहेर काढून कानाच्या उंचीवर ठेवायला तर पैसेही लागत नाहीत. म्हणून माझा क्रम असा : आधी कान, मग खोली, मग स्पीकर, मग ॲम्प्लिफायर, महागड्या तारा सर्वांत शेवटी, किंवा नाहीच.

हा वाद केवळ हौसेचा नाही. मराठवाड्यात घरोघरी कीर्तनांच्या, भारुडांच्या, आजीच्या ओव्यांच्या कॅसेट पडून आहेत. चुंबकीय फीत कायम टिकत नाही. कुणी त्या मोबाइलवर उतरवून घेतो, ‘आवाज साफ’ करण्याच्या नादात खरखरीबरोबर गाणाऱ्याचा श्वासही पुसतो. कुणी धुम्म येत नाही म्हणून ‘खराब’ ठरवून फेकून देतो. चांगला आवाज कशाला म्हणायचे, याचे आपण जे उत्तर देऊ, त्यावरून कोणते आवाज पुढच्या पिढीला मिळतील हे ठरणार आहे. म्हणून नव्याने सुरुवात करणाऱ्याने दुकानात जाताना ओळखीच्या माणसाच्या आवाजाचे, न ‘सुधारलेले’ मुद्रण सोबत न्यावे. ज्या स्पीकरवर तो माणूस ओळखू येईल, तो घ्यावा.